संसदेतला संन्यासी : स्वामी रामानंद तीर्थ यांची विस्मरणात गेलेली दहा वर्षे

१/ दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडाभर ध्वजवंदन होते, भाषणांत स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आदराने घेतले जाते आणि त्यांचे चरित्र १९४८ सालीच संपते. प्रत्यक्षात १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे ते लोकसभेचे सदस्य होते. त्यांपैकी शेवटची पाच वर्षे ते औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे खासदार होते. हा काळ वगळला की त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड निर्णयच वगळला जातो.

२/ व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी. तरुणपणी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. पुढे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक झाले आणि १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. भगवी वस्त्रे आली, पण मठ उभा राहिला नाही. ते अंबाजोगाईच्या शाळेत शिकवत राहिले.

३/ १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने तिच्या स्थापनेआधीच बंदी घातली. त्यानंतरच्या सत्याग्रहात स्वामीजींनी तुरुंगवास पत्करला. १९४७ मध्ये ते संघटनेचे अध्यक्ष होते. ७ ऑगस्टला भारतात विलीनीकरणाचा दिन पाळला गेला आणि १५ ऑगस्टला त्यांना अटक झाली. येथपर्यंतचा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो.

४/ पुढचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. मुक्त झालेल्या हैदराबाद राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन भाषिक प्रदेश होते. काँग्रेसमध्ये बुर्गुल रामकृष्ण राव आणि स्वामीजी असे दोन गट पडले. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपद राव यांच्याकडे गेले. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले.

५/ या राज्याचे भवितव्य हाच तेव्हाचा कळीचा प्रश्न होता. हैदराबादचे विभाजन पंडित नेहरूंना आरंभी मान्य नव्हते. राज्य पुनर्रचना आयोगानेही १९५५ मध्ये तेलुगू भाग तूर्त स्वतंत्र ठेवण्याची शिफारस केली. स्वामीजींची भूमिका मात्र स्पष्ट होती : संपूर्ण त्रिभाजन. जनतेच्या भाषेत कारभार चालणार नसेल, तर निजामाची सत्ता जाऊनही त्याने आखलेली चौकट कायम राहणार होती.

६/ या भूमिकेची किंमत ध्यानात घ्यावी. त्यांचे सारे राजकीय बळ त्या अखंड राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य विसर्जित झाले आणि त्यांचे कार्यकर्ते तीन राज्यांत विखुरले. गुलबर्गा म्हैसूरमध्ये गेले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने काँग्रेसची दाणादाण उडवली, तेव्हा औरंगाबादने काँग्रेसच्या या संन्याशाला दिल्लीला पाठवले.

७/ त्यांचा निर्णय सर्वार्थाने अचूक ठरला, असे इतिहास म्हणत नाही. आंध्रातील विलीनीकरणाविरुद्ध तेलंगणात १९६९ मध्ये आंदोलन पेटले आणि २०१४ मध्ये ते वेगळे राज्य झाले. मराठवाड्याचा अनुशेष आजही चर्चेत आहे. भाषा एक झाली म्हणजे विकास समान होतो, हा विश्वास भाबडा होता, असे म्हणता येईल.

८/ तथापि राजकारण्याची कसोटी केवळ निर्णयाच्या फळावर लागत नाही. मतदारसंघ, गट आणि गड सांभाळणे हेच राजकारण मानले जाते. स्वामीजींनी ज्या राज्यात आपला गड होता, ते राज्यच मोडण्याचा आग्रह धरला. संन्यास दीक्षेच्या दिवशी घेता येतो. तो सत्तेच्या सान्निध्यात टिकवणे कठीण असते.

९/ २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. जन्मस्थान आज कर्नाटकात, समाधी तेलंगणात, नावाचे विद्यापीठ महाराष्ट्रात नांदेडला. त्यांना एका दिवसाच्या हारात आणि एका प्रदेशाच्या अभिमानात बसवणे सोपे आहे. त्यांची संसदेतील दहा वर्षे वाचणे अधिक उपयोगाचे आहे.