पाच मांडव, संसार एकही नाही

व्यावसायिक स्नूकरची ‘इंडियन ओपन’ ही मानांकन स्पर्धा भारतात पाच वेळा झाली. 2013 साली दिल्ली, 2015 ला मुंबई, 2016 ला हैदराबाद, 2017 ला विशाखापट्टणम आणि 2019 ला कोची. त्यानंतर ‘इंडियन ओपन’चं नाव नाही. ती का बंद पडली याचा जाब कोणी विचारला नाही, कारण ती सुरू असतानाही तिची कोणाला फिकीर नव्हती. लग्नाचा मांडव दरवेळी नव्या गावात घालायचा, जेवणावळी उठल्या की दोऱ्या सोडायच्या, आणि संसार कुठेच थाटायचा नाही, असा हा प्रकार. मला याची मनस्वी चीड आहे.

मानांकन स्पर्धेचं मोल कशात आहे? व्यावसायिक स्नूकरमध्ये मानांकन थेट बक्षिसाच्या पैशावर ठरतं. गेल्या दोन वर्षांत मानांकन स्पर्धांमधून जितके पौंड कमावले तितके तुमचे गुण. नव्या खेळाडूला व्यावसायिक सर्किटचं कार्ड मिळतं तेही दोनच वर्षांचं. तेवढ्यात पहिल्या 64 मध्ये शिरला नाहीत, तर ते टिकवणं मुश्कील. निवड समिती नाही, वशिला नाही. ‘इंडियन ओपन’च्या काळात बहुतेक स्पर्धांमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला दमडी मिळत नसे. विमानाचं भाडं आणि हॉटेलचं बिल मात्र त्याच्याच खिशातून जाई. इतकी निष्ठुर आणि इतकी स्वच्छ परीक्षा फार थोड्या खेळांत असते.

आपण मात्र ती परीक्षा टाळून गुणपत्रिका मिरवतो. पंकज अडवाणीच्या नावावर दोन डझनांहून अधिक जागतिक विजेतेपदं आहेत. तो असामान्य खेळाडू आहे, त्याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण ही विजेतेपदं व्यावसायिक स्नूकर सर्किटबाहेरच्या स्पर्धांमधली आहेत, त्यातली बरीचशी बिलियर्ड्समधली, हे मथळे लिहिणारे कधी सांगतात का? अडवाणी 2012 मध्ये व्यावसायिक सर्किटवर गेला, 2013 च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि 2014 मध्ये परतला. त्याचा निर्णय त्याचा. पण असा खेळाडू इंग्लंडात पाय रोवतोय म्हटल्यावर त्याच्या पाठीशी उभं राहायला हा देश का धावला नाही, हा प्रश्न त्याला नव्हे, आपल्याला विचारायचा आहे.

आणि आदित्य मेहता? मुंबईचा हा मुलगा 2013 च्या दिल्लीतल्या पहिल्याच ‘इंडियन ओपन’मध्ये मार्क विल्यम्स आणि स्टीफन मॅग्वायरला हरवून अंतिम फेरीत गेला. मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय. तिथे डिंग जुनहुईने त्याला 5-0 असं धुतलं. पुढच्याच वर्षी त्याने जर्मनीत 147 चा ब्रेक केला, म्हणजे पंधरा रेड, पंधरा ब्लॅक आणि सगळे रंग एका दमात. व्यावसायिक स्पर्धेत अशी कामगिरी करणारा तोही पहिलाच भारतीय. क्रिकेटमध्ये एवढं कोणी केलं असतं तर गल्लीबोळांत फलक लागले असते. आज मुंबईत रस्त्यावर दहा जणांना त्याचं नाव विचारा.

तो डिंग कुठून आला ते बघा. 2005 च्या चायना ओपनमध्ये हा पोरगा यजमानांच्या वाइल्ड कार्डवर खेळत होता आणि अंतिम फेरीत त्याने स्टीफन हेंड्रीला 9-5 ने हरवलं. चीनने त्या एका विजयाचं भांडवल केलं. स्पर्धा वाढवल्या, अकादम्या काढल्या, कोवळ्या मुलांना इंग्लंडात शेफील्डला धाडलं. आज व्यावसायिक स्पर्धांची टेबलंसुद्धा चिनी बनावटीची असतात. वीस वर्षांनी, 2025 मध्ये, झाओ शिनटाँग पात्रता फेऱ्यांमधून वर येत शेफील्डच्याच क्रूसिबल नाट्यगृहात विल्यम्सला 18-12 ने हरवून जगज्जेता झाला. मधल्या काळात त्यांच्या दहा खेळाडूंवर सामनानिश्चितीच्या प्रकरणात बंदी आली, खुद्द झाओ त्यात होता. तो डाग पुसला जाणार नाही. पण डाग लागायलाही आधी कापड विणावं लागतं, आणि आपण सूतसुद्धा काढलेलं नाही.

आपण काय केलं? हॉटेल नाहीतर कन्व्हेन्शन सेंटर घेतलं, एसी लावला, पुरस्कर्त्यांच्या पाहुण्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या. परदेशी खेळाडूंच्या पात्रता फेऱ्या इंग्लंडात उरकल्या. इथल्या मोजक्या मुलांना वाइल्ड कार्ड दिलं की झाली देशसेवा. आठवड्याने विजेता पन्नास हजार पौंड घेऊन गेला आणि पुढच्या वर्षी गाव बदललं. एखाद्या शहरात प्रेक्षक तयार व्हायला निदान पाच वर्षं तीच स्पर्धा तिथेच व्हावी लागते. शेफील्डच्या क्रूसिबलमध्ये विश्वविजेतेपद 1977 पासून दरवर्षी होतंय, म्हणून त्या नाटकगृहाला पंढरीचं मोल आलं.

आता खाली उतरून स्नूकर पार्लरमध्ये या. जुलैत टेबलाचं कापड दमट होतं आणि पांढरा बॉल ओढल्यासारखा जड चालतो. आमच्या पार्लरचा मार्कर सकाळी आधी ब्रश फिरवतो, मग एकाच दिशेने इस्त्री मारतो, बॉल्कपासून ब्लॅकच्या टोकापर्यंत, आणि बॉल सोडून कुशन तपासतो. व्यावसायिक टेबलांना स्लेटच्या खाली हीटर असतात. आमच्याकडे हीटर नाही, हा माणूस आहे. खेळ त्याला कोणत्याही पदाधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतो. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पोराला एका जुन्या जिमखान्याच्या दारातून मी परत पाठवलेलं पाहिलंय. सभासद नाही, कॉलरचा शर्ट नाही. आत टेबलं रिकामी होती, दिवेही बंद होते. बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स याच महाराष्ट्रात, पुण्यात जन्मले आणि 1958 मध्ये भारताचे पहिले जगज्जेते झाले. त्यांच्या राज्यात गुणी मुलाला टेबल मिळू नये, याची लाज ज्या कमिट्यांना वाटत नाही त्यांनी भिंतीवरच्या चषकांच्या तसबिरी उतरवून ठेवाव्यात.

2010 नंतर हा खेळ आशियाई क्रीडास्पर्धांमधूनही गेला. पदक दिसेना म्हटल्यावर सरकारचं लक्षही उडालं. मग खेळाच्या राष्ट्रीय महासंघाने दुप्पट धडपडायला हवं होतं.

मानांकन स्पर्धा परत आणा. पण एकाच शहरात, सलग पाच वर्षांच्या कराराने. पात्रता फेऱ्या इथेच घ्या आणि त्यात पार्लरच्या पोरांना खुला प्रवेश द्या. तिकीट सिनेमाएवढं ठेवा, शाळकरी मुलांना फुकट सोडा, आणि आठवडा संपला की ती हीटरवाली टेबलं महापालिकेच्या क्रीडासंकुलात बसवा. मुंबईच्या ईशप्रीतसिंग चढ्ढाने 2024 मध्ये इंग्लिश ओपनची उपांत्य फेरी गाठली, ती ब्रेंटवुडमध्ये. आपल्या शहरात, आपल्या माणसांसमोर मानांकनासाठी क्यू उचलायचा हक्क त्याला आहे, आणि तो मिळवून देणं हे महासंघाचं काम आहे. जमत नसेल तर खुर्च्या सोडा.