नव्वद कसले?
दहावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या वासणा रोडवरच्या मराठी घरातून पुण्याच्या आत्याला फोन जातो: ‘नव्वद आले!’ नव्वद कसले? गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर पर्सेंटाइल रँकही छापतात. ९० रँक म्हणजे शंभरात ९० गुण नव्हेत. सुमारे ९० टक्के परीक्षार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, एवढेच. प्रत्यक्ष गुण बरेच कमी असू शकतात. अकरावी सायन्सचा हिशेब मांडताना पालक नेमके इथेच घसरतात. त्यात आत्या महाराष्ट्रातला कटऑफ सांगते. तो गुणांचा, इथल्या रँकला लावून काय उपयोग? महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. आजचा पालक मूल शाळेत धाडतो, फीही भरतो; अडतो तो गुणपत्रिकेपाशी. म्हणून शाळांनी निकालाआधीच्या पालकसभेत त्याला ती कशी वाचायची ते दाखवावे.