परवडणारी पिशवी

खांद्यावर काय घ्यावं याबद्दल आमच्या घराण्यात पूर्वापार मतभेद आहेत. आजोबांनी उपरणं घेतलं, वडिलांनी शबनम घेतली आणि मी बी.कॉम. झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून जबाबदारी घेतली. जबाबदारीत डबा मावत नाही, म्हणून बँकेत जाताना मी एक खाकी कापडाची पिशवी वापरतो. ती सौ.ने शिवली आहे आणि तिचा एक बंद दुसऱ्यापेक्षा लांब आहे. त्यामुळे मी कायम डावीकडे कललेला दिसतो आणि आमच्या युनियनमध्ये माझ्याविषयी उगीचच गैरसमज आहे.

अशा माणसाने पिशव्यांवर वाद घालू नये, हे मला कळतं. पण गेल्या मार्गशीर्षात माझा भाचा पुण्याहून जिवतीला आला, आणि तेव्हापासून माझं रक्त उकळतं आहे. आमच्या शाखेत चहाशिवाय दुसरं काही उकळलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही, यावरून प्रकरणाचं गांभीर्य वाचकांच्या लक्षात यावं.

जिवती कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूरहून राजुरा, राजुऱ्याहून गडचांदूर. तिथे सिमेंटच्या कारखान्यांना नमस्कार करायचा आणि माणिकगडच्या डोंगरावर चढायचं. माझ्या बदलीच्या ऑर्डरवर हे नाव वाचल्यावर सौ.ने नकाशा मागितला. गाव सापडल्यावर तिने काही न बोलता नकाशा परत केला. तालुक्याच्या टोकाला चौदा गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. माणसाला दोन सासरं असावीत तसं ते झालं. रानडुकरं मात्र दोन्ही राज्यांत एकाच नियमाने जेवतात.

तर भाचा आला. म्हणजे आधी त्याची बॅग आली आणि तिच्यामागे तो असावा असा अंदाज आम्ही केला. पुढच्या बुद्धपौर्णिमेला त्याला ताडोबाच्या बाजूला मचाणावर बसायचं होतं. वैशाखातल्या त्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून जनावरं मोजायची आपल्याकडे जुनी रीत. आता वाघ मोजायला झाडाला बांधलेले कॅमेरे असतात. २००६ सालापासून देशाची व्याघ्रगणना त्यांच्यावरच चालते. वाघ येतो, स्वतःचा फोटो काढून घेतो आणि जातो. मग मचाणावरच्या माणसाचं काय करायचं? वनखात्याने त्याला ‘निसर्ग अनुभव’ असं नाव दिलं आणि त्याच्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. आमच्या बँकेत याला बुडीत खात्याचं पुनरुज्जीवन म्हणतात.

या अनुभवाची रंगीत तालीम करायला भाचा जिवतीला आला होता.

“मामा, ही बॅग बघ. एकदम परवडणारी आहे.”

“केवढ्याची?”

“फक्त सहा हजार सातशे पन्नास.”

‘फक्त’ हा शब्द ज्या आकड्याआधी येतो तो आकडा चेकवर अक्षरात लिहावा लागतो, असा माझा अनुभव आहे. मी खाली बसलो. मग त्याने सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेत म्हणे लोक झाडाला लोखंडी बैठक टांगतात, तीवर तीरकमठा घेऊन बसतात आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाची वाट पाहतात. शेजारी खोडाला एक लोखंडी हात बसवलेला असतो, त्यावर कॅमेरा. म्हणजे तिकडे एकच माणूस हरणाला आणि स्वतःला एकाच वेळी शूट करतो. त्या मंडळींनी त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून जिची शिफारस केली तिच्यासारखीच ही बॅग. तीरकमठा अडकवायला पट्टे, कॅमेऱ्याच्या हातासाठी कप्पा, त्याच्या बॅटऱ्यांसाठी कप्पा आणि कप्प्यांचा हिशेब ठेवायला आणखी एक कप्पा.

“पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार गुन्हा आहे,” मी म्हणालो. कर्जाचे कागद वाचून वाचून मला सगळीकडे आधी कलमच दिसतं.

“म्हणून तर तीरकमठा नाही घेतला!” भाचा म्हणाला. म्हणजे शिकार वजा केली आणि शिकाऱ्याचा थाट तेवढा बाकी ओढला.

तालमीसाठी मचाण हवं होतं, आणि मचाण म्हटल्यावर मला आमचे एक खातेदार आठवले. त्यांना सगळे बापू म्हणतात. त्यांचे वडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून बायकामुलांना घेऊन या डोंगरावर आले. तशी इथे पुष्कळ कुटुंबं आली. ज्या साली दिल्लीत हरणांना संरक्षण मिळालं त्याच साली बापूंचे वडील हरणांच्या शेजारी राहायला आले, हा योगायोग दोघांनाही महागात पडला. बापूंची कापूस, तूर आणि ज्वारी आहे. ज्वारी दाण्यावर आली की ते रोज रात्री मचाणावर जागलीला जातात.

आम्ही तिघं संध्याकाळी चढलो. भाच्याने बॅग उघडली. मी सवयीप्रमाणे मनात नोंदी करत होतो: कॅमेरा एक, कॅमेऱ्याचा हात एक, माइक दोन, बॅटऱ्या चार, फुगवायची उशी एक, सुका मेवा, आणि डासांचं मलम तीन प्रकारचं. बापू शांतपणे पाहत होते. त्यांचं सामान खताच्या रिकाम्या पोत्यात होतं: बॅटरी, घोंगडी, तेलाचा रिकामा डबा, तो वाजवायला काठी आणि बैलाचं एक जुनं दावं.

“केवढ्याची म्हणायची ही?” बापूंनी बॅगेला हात लावून विचारलं.

मी आकडा सांगितला. बापू काही क्षण गप्प राहिले. “म्हंजे डीएपीची पाच पोती,” ते म्हणाले. मी हिशेब केला. एक हजार तीनशे पन्नास गुणिले पाच. पैशाचाही फरक नाही! आमचं कॅलक्युलेटर इतक्या वेळात सुरूसुद्धा होत नाही.

“काका, प्राणी साधारण किती वाजता येतात?” भाच्याने माइक पुढे करून विचारलं.

“आपुन झोपलो की,” बापू म्हणाले.

अंधार पडला. भाचा कॅमेऱ्यासमोर कुजबुजू लागला, “मित्रांनो, आता मी घनदाट जंगलात आहे...” समोर ज्वारी होती. तेवढ्यात कडेला काहीतरी खसपसलं आणि बापूंनी डबा असा काही बडवला की माझ्या पोटातला सुका मेवा पुन्हा ओला झाला.

“काका, शूऽऽ! आवाज केला तर ते पळतील!”

“मग म्या इथं कशाला बसलोय, बाळा?”

वाचकहो, मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका प्रश्नात आहे. एकाच मचाणावर दोन माणसं बसली होती. एकाला जनावर यायला हवं होतं, दुसऱ्याला जायला. ज्याला यायला हवं, त्याच्यासाठी सगळं जग राबतं आहे. त्याला न खसपसणारं कापड, लिटरवर मोजलेली बॅग आणि स्वतःची तसबीर घ्यायला लोखंडी हात. ज्याला जायला हवं, त्याच्यासाठी तेलाचा डबा, आणि तोही त्याने तेल संपवून मिळवलेला.

रात्री दोनच्या सुमारास भाच्याला डुलकी लागली आणि तो बाहेरच्या बाजूला कलला. बापूंनी मागून बॅगेचा पट्टा धरला म्हणून तो वर राहिला. खोटं कशाला बोलू? सहा हजार सातशे पन्नासांची तेवढी वसुली झाली. मग बापूंनी दावं काढलं. एक टोक स्वतःच्या कमरेला होतंच. दुसरं त्यांनी खांबाभोवती घेऊन भाच्याच्या कमरेला बांधलं.

“तुमच्या बॅगेत दावं न्हाई व्हय?” त्यांनी आश्चर्याने विचारलं. “झोप लागली तर पडतंय की मानूस.”

अमेरिकेतले ते शिकारीसुद्धा स्वतःला पट्ट्याने खोडाला बांधून घेतात, हे भाच्याने मग कबूल केलं. झाडावरून पडून हातपाय मोडून घेणारे तिकडेही कमी नाहीत. पण तो पट्टा चित्रात बरा दिसत नाही, म्हणून याने घेतला नव्हता.

डुकरं पहाटे आलीच, पण दुसऱ्या कोपऱ्यातून. सकाळी पाहिलं तर ज्वारीत गाडा लोळवावा तसा पट्टा आडवा झालेला. बापू त्यातून चालत गेले, एक कणीस उचललं, झटकलं आणि खिशात ठेवलं. भाच्याच्या कॅमेऱ्यात सत्तेचाळीस मिनिटांचं चित्रीकरण निघालं. सगळ्यात तोच होता. डुक्कर कुठेही नव्हतं. बापूंचा एक हात तेवढा दोनदा दिसतो, पट्टा धरलेला.

आता कोणी म्हणेल, बॅग वाईट असते का? मुळीच नाही. पण घ्यायचीच तर डोक्याने घ्या. एका रात्रीला वीस-पंचवीस लिटरची पिशवी रग्गड झाली. तिला चर्रकन उघडणारी चिकटपट्टी नको. त्या आवाजाने हरीणच काय, आमचा कॅशियरही जागा होतो. चेनच्या कड्या वाजतात, त्यांना दोरा बांधा. निळी पिशवी नको. हरणाला तांबडं आणि हिरवं यांतला फरक नीट कळत नाही, पण निळं चांगलं दिसतं. अमेरिकेतले शिकारी एकमेकांना दिसावं म्हणून भगवी जाकिटं घालतात, ती हरणापुढे खपून जातात ती यामुळेच. साबणाच्या पावडरीत धुतलेली नको, कारण हरीण आधी नाकाने पाहतं. आणि आत पहिली वस्तू दावं. एवढं सगळं जुळवून पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की खाकी, कापडी, चेन नसलेली आणि सौ. धुवायला कायम विसरते अशी एक पिशवी माझ्या खांद्यावर गेली नऊ वर्षं आहे. तिची किंमत शून्य असल्यामुळे तिची शिफारस कोणी करत नाही.

पण माझं भांडण बॅगेशी नाही, ‘परवडणारी’ या शब्दाशी आहे. कोणाला परवडणारी? मी पीककर्जाच्या टेबलावर बसतो. आमच्या अर्जात बियाण्याचा खर्च आहे, खताचा आहे, फवारणीचा आहे, मजुरीचा आहे. जागलीचा नाही. बापू वर्षाला नव्वद रात्री मचाणावर काढतात. बरं, राखतात कोणाचं? ते पीक आमच्याकडे तारण आहे! शाखेच्या दाराशी रात्री वॉचमन बसतो, त्याला पगार आहे, गणवेश आहे, खुर्ची आहे. बँकेची तिजोरी राखणाऱ्याला पगार आणि बँकेचं तारण राखणाऱ्याला व्याज, हा हिशेब कुठल्या कॉलेजात शिकवतात? मी कॉमर्सचा पदवीधर आहे, मला तरी शिकवला नव्हता. आणि बापूंचा निदान सातबारा आहे. या डोंगरावर दोन पिढ्या राबूनही ज्यांना जमिनीचा पट्टा मिळाला नाही, त्यांना आमच्या टेबलापर्यंत यायचंच कारण पडत नाही.

कॅमेऱ्याचंही तेच. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून जंगली जनावरांनी केलेलं नुकसान पीकविम्यात धरलं जाईल. चांगली गोष्ट झाली, उशिरा झाली तरी चांगली. मात्र बहात्तर तासांच्या आत, जागेची नोंद असलेले फोटो मोबाईलवरून पाठवले पाहिजेत. म्हणजे चित्रीकरणाची खरी गरज आता बापूंना आहे! त्यांच्या मोबाईलची काच फुटलेली, आणि रेंज हवी तर टेकाडावर जाऊन हात वर करून उभं राहावं लागतं. आणि ज्याच्याकडे दोन माइक, चार बॅटऱ्या आणि एक जादा हात आहे, तो ज्वारीकडे पाठ करून स्वतःचं तोंड टिपतो आहे. उत्तम कॅमेरा चुकीच्या दिशेला तोंड करून बसला आहे, एवढीच माझी तक्रार आहे.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो काही बोलला नाही. बापूंच्या शेतावर परत गेला आणि त्या आडव्या झालेल्या पट्ट्याचे चारही बाजूंनी फोटो काढून आला. ते यंदा कामाचे नव्हते, तालीम म्हणून काढले. मग बापूंच्या मुलाला जागेची नोंद कशी चालू करायची ते त्याने शिकवलं. जाताना बाजारात उतरून त्याने एक दावं विकत घेतलं. मला वाटतं, त्या बॅगेतली ती पहिली परवडणारी वस्तू असावी.

त्यानंतर बापूंचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. खर्चाच्या रकान्यांखाली थोडी जागा होती. तिथे मी पेन्सिलीने लिहिलं: ‘जागल, रात्री ९०.’ साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, “हे कुठल्या सदरात बसतं?”

“तारणाची राखण,” मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कललेल्या खांद्याकडे पाहिलं. “पेन्सिल आहे ना? मग खोडता येईल,” असं म्हणून अर्ज ट्रेमध्ये ठेवला.

अजून त्यांनी खोडलेलं नाही.