हा नमुना कोणाचा?

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की नाशिकच्या मेन रोडवर मणी, लोकर, जर आणि टिकल्या मिळणाऱ्या दुकानांत उभे राहायलाही जागा उरत नाही. कोणाला दाराला तोरण करायचे असते, कोणाला भाच्याला झबले-टोपडे शिवायचे असते, कोणाला लेकीच्या रुखवतासाठी आतापासून तयारी करायची असते. या सगळ्या खटाटोपात पहिला प्रश्न असतो तो नमुन्याचा. पूर्वी नमुना शेजारच्या काकूंच्या वहीतून यायचा, नाहीतर मासिकाच्या पानावर पातळ कागद ठेवून तो पेन्सिलीने उतरवून घ्यायचा. आता तो फोनवर येतो, आणि आल्या पावली आणखी दहाजणींकडे जातो. या प्रवासात एक गोष्ट मात्र वाटेत गळून पडते. ती म्हणजे ज्या बाईने तो नमुना काढला तिचे नाव.

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत हल्ली हा विषय वरचेवर डोकावतो. 'दुसरीच्या नमुन्यावरून केलेली वस्तू विकली तर चालते का?' 'थोडा बदल केला म्हणजे तो माझा झाला ना?' असे प्रश्न असतात. दिवाळी अंकात जागा थोडी ऐसपैस मिळते, म्हणून त्यांचा एकदा नीट विचार करू.

माझ्या ओळखीच्या एक बाई पंचवटीत राहतात. मण्यांच्या तोरणांचे नवेनवे नमुने चौकटीच्या कागदावर काढायचे, ओवण्याचा क्रम खाली सोप्या भाषेत लिहायचा आणि तो कागद पन्नास रुपयांना विकायचा, हा त्यांचा दिवाळीपूर्वीचा उद्योग. त्या कमाईतून मुलाच्या कॉलेजच्या फीला हातभार लागतो. गेल्या वर्षी त्यांच्या एका कागदाचा फोटो काढून कोणीतरी तो दीडशे बायकांना एकदम पाठवला. पाठवणारीच्या मनात काळेबेरे काही नव्हते. 'किती सुरेख आहे पाहा, सगळ्यांनी करा,' एवढेच तिने वर लिहिले होते. पण त्या दिवसापासून त्या नमुन्याचे गिऱ्हाईक जे थांबले ते थांबलेच. आता याची दुसरी बाजू. त्या दीडशेजणींतल्या, बचत गटात काम करणाऱ्या एका मुलीने त्यावरून बारा तोरणे करून विकली. तिला कोणीतरी म्हणाले, 'अगं, हा गुन्हा आहे.' ती बिचारी घाबरून माझ्याकडे आली. दोघींचेही पोट हातावरचे. मग बाजू घ्यायची ती कोणाची?

बाजू घेण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहिलेले बरे. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. २१ जानेवारी १९५८ पासून तो अमलात आला. त्यातले मूळ तत्त्व स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन कळते. पुरणपोळी करण्याची रीत कोणाच्याही मालकीची नाही. पण ती रीत ज्या शब्दांत तुम्ही लिहिली ते शब्द तुमचे. तसेच साखळी टाका, काश्मिरी टाका, क्रोशाचा खांब, ब्लाउजची कटोरी बेतण्याची पद्धत यांवर कोणालाच हक्क सांगता येत नाही. हक्क असतो तो कागदावर काढलेल्या आकृतीवर, कारण कायद्याच्या दृष्टीने ती कलाकृती. आणि खाली लिहिलेल्या सूचनांवर, कारण त्या साहित्यकृती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली जमाखर्चाच्या एका पुस्तकावरून चाललेल्या खटल्यात हाच न्याय दिला होता. पुस्तक लेखकाचे, पण त्यात शिकवलेली हिशेबाची पद्धत सगळ्यांची. शिवणकामालाही हे माप बरोबर बसते. टाका सगळ्यांचा, कागद मात्र काढणारीचा.

हा हक्क मिळवायला कोठे नोंदणी करावी लागत नाही. कागदावर आकृती उमटली की तो आपोआप जन्माला येतो आणि काढणारीच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. ज्या नमुन्यावर कोणाचेच नाव छापलेले नाही आणि काढणारीही पुढे कधी उजेडात आली नाही, त्याची ६० वर्षे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे १९६० साली एखाद्या मासिकात निनावी छापलेला रुमालाचा नमुना २०२० साल संपताच सर्वांना मोकळा झाला. आईच्या ट्रंकेतली जुनी पाने म्हणूनच एकदा उलगडून, वर्ष पाहून ठेवावीत. त्यांतला बराचसा ठेवा आज निर्धास्त वापरता येईल.

आता व्यवहाराचे प्रश्न. स्वतःच्या घरासाठी, हौसेने, नमुन्यावरून तोरण केले तर चालते का? खुशाल करावे. खाजगी वापरासाठी केलेल्या रास्त उपयोगाला कायद्याने मुभा दिलेली आहे. पण विकत घेतलेल्या कागदाचा फोटो काढून तो शंभरजणींना वाटणे हा काही खाजगी वापर नव्हे. पैसे घेतले नाहीत म्हणून ते क्षम्य ठरत नाही, कारण पंचवटीतल्या बाईंचे नुकसान फुकट वाटण्यानेच झाले.

आणि विक्रीसाठी? येथे जपून पाऊल टाकावे. कागदावरच्या सपाट आकृतीला प्रत्यक्ष वस्तूचे रूप देणे हीसुद्धा त्या कलाकृतीची नक्कल, असे कायदा मानतो. नमुना साधा नेहमीचा असेल, म्हणजे सरळ पिशवी, चौकोनी उशीचा अभ्रा किंवा कुंची, तर त्यात कोणाचे विशेष असे काही नसते. पण मोराचा पिसारा एखादीने आपल्या कल्पनेने मांडला असेल, तर विकण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी हे बरे. फौजदारीची भीती त्या बचत गटातल्या मुलीला नव्हती. ते कलम जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी आहे. मात्र अजाणतेपणी केले तरी कोर्ट पुढची विक्री थांबवू शकते आणि झालेल्या नफ्यातला वाटा द्यायला लावू शकते.

'दहा टक्के बदल केला की नमुना आपला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते कायद्यातच लिहिलेले असावे असे कोणालाही वाटेल. असे टक्के कायद्यात कोठेही नाहीत. १९५६ साली 'न्यू दिल्ली' नावाचा हिंदी चित्रपट आला. तो आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून उचलला, अशी आर. जी. आनंद या नाटककारांची तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली निकाल लागला. प्रांताभिमान हा विषय दोन्हींत एकच असला तरी विषयाची मालकी कोणाची नसते; दोन्ही कृती पाहणाऱ्या माणसाच्या मनावर 'ही त्याचीच नक्कल' असा स्पष्ट ठसा उमटतो का, हे पाहायचे, असे न्यायालयाने म्हटले. चित्रपट सुटला. नमुन्याची कसोटीही हीच. लाल मण्यांच्या जागी हिरवे घातले, एक ओळ वाढवली, एवढ्याने नक्कल लपत नाही. उलट, मोराची कल्पना तिच्याकडून सुचली पण रेषा, मांडणी, वळण सगळे तुमच्या हातचे असेल, तर तो मोर तुमचा.

ज्या भगिनी मोठ्या प्रमाणावर माल काढतात त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कपड्यावर किंवा वस्तूवर लावण्याचे डिझाइन नोंदवण्यासाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे. नोंदणी केली तर दहा वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि ते लावलेल्या वस्तू कारखानदारी पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइटच संपतो. ऋतु कुमार यांच्या कंपनीने बिबा या कंपनीवर केलेला दावा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयात याच मुद्द्यावर फसला. याउलट तरुण तहिलियानी यांच्या भरतकामाच्या आणि छपाईच्या नक्षीला त्याच न्यायालयाने २००८ साली संरक्षण दिले, कारण त्यांचे कपडे पन्नासांच्या आत होते. नोंदणीसाठी डिझाइन नवे आणि अप्रकाशित असावे लागते. आधी फोनवर सगळ्यांना दाखवायचे आणि मग अर्ज करायचा, हा क्रम उलटा झाला.

मग परंपरेचे काय? आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याकडे पाहावे. पैठणीच्या पदरावरचा मोर, मुनिया पोपट, नारळी काठ, अजंठ्याचे कमळ कोण्या एकाचे नाही. कित्येक पिढ्यांच्या विणकरांनी ते मागावर सांभाळले. ब्लाउजच्या बाहीवर तुम्ही मुनिया भरलीत तर कोणी अडवणार नाही. पण पैठणी या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणून यंत्रावरच्या नकली कापडावर तसा पदर छापून ते पैठणी म्हणून गळ्यात मारणे हे मात्र कायद्याला धरून नाही. घेताना पदर उलटा करून पाहावा. अस्सल हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे लोंबते धागे नसतात. चित्र सर्वांचे, नाव मात्र राखलेले, अशी ही व्यवस्था आहे.

नावाची किंमत काय असते हे २०२५ साली सगळ्या जगाने पाहिले. जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने थेट कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव काही घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मानांकन मिळालेले. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे कंपनीला लेखी मान्य करावे लागले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली. म्हणजे कोर्टात काही हाती लागले नाही. जे मिळाले ते लोकांनी बोलून मिळवले. कायद्याचे हात पोचत नाहीत तेथेही ऋण उरतेच, आणि ते नाव घेऊन फेडता येते.

त्या मुलीला मी सांगितले ते एवढेच, की बारा तोरणांचा हिशेब घेऊन सरळ पंचवटीत जा. ती गेली. बाईंनी तिला चहा दिला, आणि एका तोरणामागे दहा रुपये ठरवून विक्रीची परवानगीही दिली. आता त्यांच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी नाव, वर्ष आणि 'घरासाठी मोकळे, विक्रीसाठी विचारावे, फोटो पुढे पाठवू नये' अशी ओळ असते. नमुने काढणाऱ्या सगळ्यांनीच ही सवय लावून घ्यावी. इतके करूनही कोणी ऐकले नाही, तर कॉपीराइटचा दावा आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो. नाशिकच्या बाईला दिल्ली-मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

आणि नमुना घेणाऱ्यांसाठी रीत त्याहून सोपी. कोणाचा आहे ते विचारावे, विकायचा असेल तर परवानगी घ्यावी, आणि कोणी 'किती छान!' म्हटले की 'अमक्या ताईंचा नमुना आहे' हे मोकळ्या मनाने सांगावे. कौतुक वाटून घेतले म्हणून कोणाचे तोरण लहान होत नाही. यंदा दाराशी येणाऱ्यांना ते नावही ऐकू येऊ द्या. दीपावलीच्या शुभेच्छा!