तेलाच्या विरोधात

आमच्या घरात कुठलीही वस्तू अडली की तिला तेल घालायची प्रथा आहे. दार कुरकुरलं, घाला तेल. शिलाईचं मशीन रुसलं, घाला तेल. मागच्या थंडीत माझे गुडघे वाजू लागले तेव्हा सौ.नं तोच उपाय केला आणि गुडघ्यांनी तक्रार केली नाही. या यशानं हुरळून जाऊन मी वडिलांच्या टाईपरायटरला तेल घातलं.

मशीन गोदरेजचं. या कंपनीनं १९५५ साली टाईपरायटर बनवायला घेतले आणि २००९ साली थांबवले. आमचे वडील यवतमाळला कोर्टासमोर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करून देत. आम्ही चार भावंडं त्या खडखडाटावर शिकलो. निवृत्तीनंतर मी मशीन माळ्यावरून काढलं, कागद चढवला, आणि ओळीच्या ऐन मध्यावर कॅरेज अडलं. 'मा. जिल्हाधिकारी' हे शब्द एकावर एक बसून त्यांचा एकच काळा ठिपका झाला. तेल घातलं. दोन दिवस मशीन हरणासारखं पळालं, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा घट्ट बसलं. पुन्हा तेल. असं चार वेळा.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारात द्या. आता मोबाईलशी बोललं तरी टाईप होतं." भंगारवाला तराजू घेऊन दारात आलाही. चौदा-पंधरा किलोचे वडील किलोच्या भावानं जाणार, एवढ्यात कुणीतरी दारव्हा रोडवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा पत्ता दिला.

त्यांनी मशीनवर नुसता हात ठेवला.

"तेल कोनं टाकलं जी यात?"

"मीच."

"किती येळा?"

"चार."

स्वतःच्या मनानं औषध घेऊन आलेल्या रोग्याकडे डॉक्टर पाहतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅरेज हातानं इकडून तिकडे सरकवलं. "एकाच जागी अडते, म्हंजे स्प्रिंग चांगली हाय, पट्टाबी चांगला हाय. सगळीकडंच सुस्त असतं तर स्प्रिंग पाह्यली असती. हे रुळावरची घाण हाय, भाऊ. आपलं कापसाचं गाव. हवेत रुई उडते, तेल दिसलं की बसते चिकटून."

माझ्याच स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढून झालं. एक जुना टूथब्रश आला. रबरी रुळावर पेट्रोल पडू नये म्हणून फडकं गुंडाळलं आणि खालच्या लोखंडी रुळांवरून काळा लगदा निघू लागला. त्यात धूळ होती, रुई होती, माझं तेल होतं आणि खोडरबराचा भुगा होता. खोडताना कॅरेज बाजूला ओढावं, म्हणजे भुगा आत पडत नाही, हे वडील सगळ्यांना शिकवत. स्वतः मात्र घाईत विसरत असावेत. दुसऱ्यांच्या अर्जांतल्या कितीतरी चुका खोडून झालेला तो भुगा होता. मी थोडा पुडीत बांधून घेतला.

आता माझं भांडण ऐका. या देशात दोन पक्ष आहेत: तेलपक्ष आणि भंगारपक्ष. वरून ते एकमेकांचे शत्रू दिसतात, पण दोघांचा जाहीरनामा एकच आहे: झाकण उघडायचं नाही. फाईल अडली की तेलपक्ष टेबलाला तेल लावतो. ती दोन दिवस पळते आणि पुढच्या टेबलावर जास्त घट्ट बसते, कारण तेल लागलेल्या टेबलावरच सगळी धूळ गोळा होते. मग भंगारपक्ष म्हणतो, ही कचेरीच मोडीत काढा, नवी यंत्रणा आणा. नवी येते. तिचंही झाकण कुणी उघडत नाही. ब्रश घेऊन वाकायला मात्र कुणी तयार नसतं, कारण त्यात हात काळे होतात आणि उद्घाटन होत नाही.

मेकॅनिकनं शेवटी रूळ कोरडे पुसले आणि सुईच्या टोकानं बारीक तेलाचा एक थेंब दिला. मी म्हणालो, "म्हणजे तेल लागतंच की!"

"लागते नं. पन साफ केल्यावर. अन् सुईनं, बुधल्यानं नाही."

मशीन आता चालतं. पहिला अर्ज सौ.च्या नावे टाईप केला आहे: घरातलं तेलाचं बुधलं तात्काळ जप्त करावं. गुडघे वगळून.