स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली मंडळी

शिक्षकाच्या कामाची खरी परीक्षा तो वर्गांत असतांना होत नाहीं. तो निघून गेल्यावर होते, असें आमचें मत आहे. या दृष्टीनें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं छोटानागपूरच्या गोस्नर लूथरन मंडळीचा इतिहास अवश्य पाहावा.

बर्लिनचे पाळक योहान्नेस गोस्नर यांनीं पाठविलेले शात्स, ब्रांट, बाट्श व यांके हे चार मिशनरी ता. २ नोव्हेंबर १८४५ रोजीं रांचीस पोहोंचले. उरांव समाजांतील पहिल्या चौघांचा बाप्तिस्मा व्हावयास ता. ९ जून १८५० उजाडावी लागली. पुढें १८५७ च्या बंडांत मिशनची लूट झाली. १८६९ मध्यें मतभेद होऊन कांहीं जुने मिशनरी व हजारों लोक अँग्लिकन मंडळीस मिळाले. तरी काम थांबलें नाहीं. शाळा निघाल्या, उरांव व मुंडा लोकांतून पाळक व शिक्षक तयार झाले, आणि नॉट्रॉट यांनीं मुंडारी भाषेंत बायबल उतरविलें.

मग पहिलें महायुद्ध आलें. जर्मन मिशनऱ्यांस सरकारनें अटकेंत ठेवून पुढें मायदेशीं धाडिलें. अँग्लिकन बिशप वेस्टकॉट यांनीं त्या पडत्या काळांत शाळा व मंडळ्या सांभाळिल्या. युद्ध संपतांच प्रश्न उभा राहिला कीं, आतां काय करावें?

कोणी म्हणेल, मिशनरी गेले म्हणून स्वायत्तता आली. यांत लोकांचें कर्तृत्व तें कोणतें? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. अँग्लिकन मंडळींत सामील होण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढें मोकळा होता. तेथें बिशप होते, व्यवस्थाहि होती. तरीहि ता. १० जुलै १९१९ रोजीं त्यांनीं स्वायत्ततेची घोषणा केली. हनूक दत्तो लकडा अध्यक्ष व पीटर हुरद चिटणीस झाले. गांवच्या मंडळीचें काम वडिलांनीं पाहावें, कांहीं मंडळ्यांवर एक पाळक असावा, आणि सर्वांवर प्रतिनिधींची सभा असावी, अशी घडी बसली. घरोघर शिजविण्यापूर्वीं मूठभर तांदूळ मंडळीसाठीं बाजूस काढण्याची तिकडे रीत आहे. स्वायत्ततेचा खर्च अशा मुठींतूनच भागावयाचा असतो. पुढें जर्मन मिशनरी परत आले ते साहाय्यक म्हणून, धनी म्हणून नव्हे.

याच १९१९ सालीं आपले रेव्हरंड टिळक निवर्तले. त्यांनीं १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यामागें अशीच तळमळ होती.

स्वायत्त झाल्यानें सर्व दोष जातात असें मात्र नाहीं. १९७७ मध्यें या मंडळींत फूट पडून वायव्येकडील एक भाग वेगळा झाला. १९९५ मध्यें नवी घटना करून बिशपांचे विभाग पाडावे लागले. स्वतःचें घर चालविणाऱ्यास स्वतःचीं भांडणेंहि स्वतःच मिटवावीं लागतात.

सत्तर वर्षें शाळा चालल्या होत्या म्हणूनच १९१९ मध्यें हिशेब लिहिणारे, सभा चालविणारे व जबाबदारी घेणारे हात तेथें सांपडले. आपली शाळा तरी दुसरें काय करण्यासाठीं आहे? म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांस केवळ गुणांबद्दल विचारूं नये. वसतिगृहाच्या खर्चाची वही, वर्गाची वर्गणी, उपासनेची व्यवस्था यांपैकीं आपण कोणतें काम अंगावर घेतलें, हेंहि विचारावें. आणि मुलांनो, आम्हीं नसतांना तें काम नीट चाललें, तर आमच्या श्रमांचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.