न बोलणारी चूक

हल्लीं हायस्कुलांतील मुलांस संगणकाचे प्रोग्राम लिहावयास शिकवितात. उत्तर बरोबर आलें म्हणजे मुलें, पालक व पुष्कळदां शिक्षकही संतुष्ट होतात. आमच्या मतें हा संतोष फसवा आहे. जी चूक तांबड्या अक्षरांनीं ओरडून सांगते ती सौम्य. जी मुकाट्यानें बसते तीच अधिक घातक होय.

क्लास व त्याचा वारसा ही कल्पना नॉर्वे देशांतील डाल व नीगॉर्ड या दोघां विद्वानांनीं १९६७ सालीं सिम्युला नामक भाषेंत आणिली. येथें क्लास म्हणजे शाळेंतील वर्ग नव्हे, तर वस्तु घडविण्याचा साचा. पायथन भाषेंत 'प्राणी' हा एक क्लास लिहिला व त्यांत 'आवाज' ही मेथड ठेविली, असें समजा. 'कुत्रा' हा त्याचा वारस. वारसानें तीच मेथड आपल्या परीनें पुन्हां लिहिली, तर त्यास ओव्हरराइड करणें म्हणतात. संगणक मेथड प्रथम वारसाच्या घरीं शोधतो. तेथें न सांपडल्यास वडिलांच्या घरीं जातो. आतां विद्यार्थ्यानें 'आवाज' याऐवजीं 'अवाज' लिहिलें, तर संगणक तक्रार करीत नाहीं. ती निराळीच मेथड समजून तो वडिलांचा आवाज ऐकवितो. कुत्रा भुंकत नाहीं, आणि चूकही बोलत नाहीं!

दुसरा प्रकार असा. वारसानें आपली स्वतंत्र 'इनिट' लिहिली, पण 'सुपर'च्या द्वारें वडिलांची 'इनिट' बोलाविली नाहीं, तर वडिलांनीं द्यावयाचें नांव त्या वस्तूस मिळतच नाहीं. तक्रार मात्र पुढें, नांव विचारतांना उद्भवते. त्याच ओळींत दोष शोधणारा व्यर्थ शिणतो.

जावा भाषेंत २००४ सालीं 'ओव्हरराइड' ही खूण आली. ती लिहूनही वडिलांकडे तशी मेथड नसली, तर कंपायलर प्रोग्राम स्वीकारीत नाहीं. पायथनमध्येंही २०२३ पासून तशी खूण आहे. परंतु ती तपासावयास निराळें साधन लागतें.

कोणी म्हणतील, शेजाऱ्याची वही किंवा यंत्राचें तयार उत्तर हाताशीं असतां एवढा खटाटोप कशास? परंतु उतरून घेतलेल्या उत्तराबरोबर समज उतरत नाहीं. उद्यां नवें उदाहरण पुढें आलें म्हणजे असा विद्यार्थी जागच्या जागीं थबकतो.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रोग्राम अडला कीं तीन प्रश्न विचारा: ही वस्तु कोणत्या क्लासची? ही मेथड कोणाच्या घरीं सांपडली? वडिलांची 'इनिट' बोलाविली काय? त्यांचीं उत्तरें वहींत लिहा. शिक्षकांनीं निम्मे गुण या शोधास द्यावे, अशी आमची सूचना आहे. आणि पालकांस विनंति इतकीच, कीं मुलगा अथवा मुलगी घरीं आल्यावर "उत्तर बरोबर आलें काय?" एवढेंच न विचारतां, "चूक कोठें होती, आणि ती कशी सांपडली?" हेंही विचारावें.